समुद्र गेला, आरमार राहिलं : बोलिव्हियाबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकातल्या कोड्यात विचारलं होतं की दक्षिण अमेरिकेत समुद्रकिनारा नसलेले देश कोणते. उत्तर होतं दोनच, पॅराग्वे आणि बोलिव्हिया. त्यावर एवढे मेल आणि पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बिचाऱ्या पॅराग्वेबद्दल मात्र एकानेही विचारलेलं नाही, सगळे बोलिव्हियाच्या मागे. म्हणून या वेळचं अख्खं सदर त्यालाच देऊन टाकतोय. ज्यांनी शेअर बाजाराबद्दल विचारलंय त्यांनी थोडी कळ काढा.

प्रश्न : मी नेव्हीत 22 वर्षं काढली, आता रत्नागिरीत असतो. नातू म्हणतो की बोलिव्हियाला समुद्र नाही तरी नेव्ही आहे. पोरगं चेष्टा करतंय का माझी?

नाही काका, नातू बरोबर बोलतोय. बोलिव्हियाचं आरमार खरंच आहे, त्यात काही हजार माणसं आहेत, पांढरे कडक गणवेश आहेत, अ‍ॅडमिरल आहेत, आणि ते सगळे तितिकाका नावाच्या सरोवरात आणि अ‍ॅमेझॉनला मिळणाऱ्या नद्यांमध्ये गस्त घालतात. हे सरोवर समुद्रसपाटीपासून 3,812 मीटर उंचावर आहे. म्हणजे कळसूबाईवर अजून एक कळसूबाई ठेवली तरी पाणी वरच राहील असं समजा.

पण यात चेष्टेपेक्षा दुखणं जास्त आहे. 1825 साली देश स्वतंत्र झाला तेव्हा त्याला पॅसिफिकचा साधारण 400 किलोमीटरचा किनारा होता. सगळं अटाकामाचं वाळवंट, प्यायला पाणी नाही, राजधानीपासून कोसभर नाही तर शेकडो कोस लांब, त्यामुळे सरकारचं तिकडे फारसं लक्षच नव्हतं. मग तिथे सोरा सापडला, खताला आणि दारूगोळ्याला लागणारा, आणि तो काढायला आले कोण, तर चिलीचे मजूर आणि चिली-ब्रिटिश भांडवल. जागा बोलिव्हियाची, वस्ती चिलीची. कर वाढवणार नाही असा 1874 चा करार असताना बोलिव्हियाने 1878 मध्ये सोऱ्यावर क्विंटलमागे 10 सेंट कर लावला. कंपनी म्हणाली देणार नाही, सरकार म्हणालं मग तुमची मालमत्ता लिलावात काढतो. लिलावाची तारीख होती 14 फेब्रुवारी 1879, आणि त्याच सकाळी चिलीचं सैन्य अंतोफागास्ता बंदरात उतरलं.

पुढे पेरूही ओढला गेला कारण त्याचा बोलिव्हियाशी गुप्त करार होता, आणि दोघंही हरले. 1904 च्या तहात बोलिव्हियाने किनारा कायमचा लिहून दिला. बदल्यात चिलीने आरिका बंदरापासून ला पाझपर्यंत रेल्वे बांधून दिली आणि मालाची ने-आण मोकळी ठेवली. वर जखमेवर मीठ म्हणजे त्या गेलेल्या भागातच चुकीकामाता आहे, जगातल्या सगळ्यात मोठ्या तांब्याच्या खाणींपैकी एक.

दर वर्षी 23 मार्चला ते समुद्रदिन पाळतात. त्या दिवशी 1879 मध्ये एदुआर्दो आबारोआ नावाचा साधा नागरिक, पेशाने सैनिक नव्हता हं, कालामाजवळच्या पुलावर लढत मेला. शरण ये म्हटल्यावर त्याने "शरण? जा, तुझ्या आजीला सांग शरण यायला!" अशा अर्थाची शिवी हासडली असं सांगतात, आणि ती शिवी तिथल्या शाळेतल्या पोरांनासुद्धा पाठ असते. बोलिव्हिया 2013 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, की चिलीने निदान बोलणी तरी केलीच पाहिजेत. 1 ऑक्टोबर 2018 ला निकाल लागला, 12 विरुद्ध 3 मतांनी विरोधात. म्हणून आरमार अजून तळ्यातच आहे, पण ते बरखास्त करायचं धाडस कुठलंच सरकार करणार नाही हे तुम्हाला मी सांगायला नको.

प्रश्न : मी आठवीत आहे, नाशिक. राजधानी ला पाझ लिहिली तर बाईंनी चूक दिली, सुक्रे पाहिजे म्हणाल्या. पण टीव्हीवर तर ला पाझच सांगतात.

दोघंही बरोबर आहात, अर्धा मार्क माग. राज्यघटनेत राजधानी सुक्रेच आहे आणि सर्वोच्च न्यायालयही तिथेच बसतं. पण राष्ट्राध्यक्ष, संसद, मंत्रालयं सगळं ला पाझला. 1898-99 मध्ये या दोन गावांत यावरून चक्क यादवी युद्ध झालं. तोवर सुक्रेवाल्यांचा जोर चांदीच्या पैशावर होता, चांदी उतरली आणि ला पाझकडे कथिलाचा म्हणजे टिनचा पैसा यायला लागला. ला पाझवाले जिंकले आणि सरकार घेऊन गेले, नावापुरती राजधानी सुक्रेला ठेवली. परीक्षेत "घटनेनुसार सुक्रे, प्रत्यक्ष कारभार ला पाझ" असं लिही, कोणी मार्क कापणार नाही.

प्रश्न : एवढ्या उंचावर लोक राहतात तरी कसे? सगळा देशच डोंगरावर आहे का? (ठाणे)

नाही, आणि हा गैरसमज अगदी सगळ्यांचा असतो कारण फोटो सगळे बर्फाच्या डोंगरांचे आणि गोल हॅट घातलेल्या बायकांचे येतात. देशाचं क्षेत्रफळ जवळपास 11 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या एक तृतीयांश, महाराष्ट्राच्या साडेतीन पट. आणि माणसं किती, तर 2024 च्या जनगणनेत 1 कोटी 13 लाखांच्या आसपास. एकट्या मुंबईत याहून जास्त आहेत.

पश्चिमेला अँडीज पर्वताच्या दोन रांगा आणि त्यांच्या मधे आल्तिप्लानो नावाचं पठार, 3,600 ते 3,800 मीटर उंचीचं, झाडं जवळजवळ नाहीत, वारा असा की कान बधिर होतात. मधे कोचाबांबासारखी सुपीक खोरी, हवा आल्हाददायक, आपल्या पुण्यासारखी (पूर्वीच्या पुण्यासारखी म्हणू). आणि पूर्वेला उतरलं की निम्म्याहून जास्त देश सपाट आणि गरम, अ‍ॅमेझॉनचं जंगल, दलदली, चाकोचं काटेरी रान, आणि सांता क्रूझ शहर जे फक्त 400 मीटरच्या आसपास आहे आणि जिथे सोयाबीन, गुरं आणि पैसा आहे. वरच्यांना 'कोया' म्हणतात आणि खालच्यांना 'कांबा', आणि दोघांचं एकमेकांबद्दलचं मत विचारू नका. घाटावरचे आणि कोकणातले यापेक्षा प्रकरण बरंच कडू आहे, 2008 मध्ये पूर्वेकडच्या प्रांतांनी स्वायत्ततेसाठी दंड थोपटले तेव्हा देश फुटतो की काय अशी वेळ आली होती.

ला पाझ एका प्रचंड खळग्यात वसलंय, आणि गंमत म्हणजे तिथे जितके खाली राहाल तितके श्रीमंत, कारण खाली ऊब आणि हवा जास्त. वर कड्यावर एल आल्तो, 4,100 मीटरच्या वर, खेड्यातून आलेल्या आयमारा आदिवासींचं शहर, आता ला पाझपेक्षाही मोठं झालेलं. दोन्ही जोडायला 2014 पासून रोपवे सुरू केले, हळूहळू 10 लाइनी झाल्या, आपण लोकल पकडतो तसे लोक पाळणा पकडून ऑफिसला जातात.

बाहेरच्यांचं मात्र डोकं धरतं. 1 एप्रिल 2009 ला मॅराडोना कोच असताना मेस्सीसकट अख्खी अर्जेंटिना ला पाझमध्ये 6-1 ने हरली. फुटबॉलवाल्यांना विचारा, अजून सांगतात.

प्रश्न : पोतोसीच्या चांदीबद्दल ओझरतं वाचलं होतं. जरा नीट सांगाल का? (पुणे)

सांगतो, आणि खरं तर बोलिव्हिया कळायचा असेल तर सुरुवात इथूनच करायला हवी होती.

1545 मध्ये स्पॅनिशांना एक डोंगर सापडला, लालसर, शंकूसारखा, आत चांदीच चांदी. त्याचं नावच 'सेरो रिको' म्हणजे श्रीमंत डोंगर. त्याच्या पायथ्याशी 4,000 मीटरवर, जिथे धड गवत उगवत नाही, तिथे पोतोसी शहर उभं राहिलं आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे दीड लाखाच्या आसपास लोक होते, तेव्हाच्या युरोपातल्या मोठ्या शहरांच्या तोडीस तोड. स्पॅनिश भाषेत अजूनही एखादी गोष्ट लाखमोलाची असेल तर 'एक पोतोसी मोलाची' म्हणतात.

काढणारे हात कोणाचे? 1570 च्या दशकात व्हाइसरॉय तोलेदोने 'मिता' नावाची वेठबिगार लावली. मूळ पद्धत इंका राजांची, रस्ते-बंधारे बांधायला गावाने आळीपाळीने माणसं द्यायची अशी, ती याने खाणीला जुंपली. शेकडो मैलांवरच्या गावांतून दर वर्षी ठराविक पुरुष पाठवायचेच, अंधारात शिड्यांवरून पाठीवर खनिज आणायचं, आणि वर चांदी वेगळी करायला पारा, तोही हातापायांनी कालवायचा. किती मेले याचे आकडे लोक मोठमोठे फेकतात, मी त्यात पडत नाही, पण गावंच्या गावं ओस पडली आणि लोक आपलं गाव सोडून परक्या गावात 'उपरे' म्हणून राहायला लागले कारण उपऱ्याला मिता नव्हती, यातच सगळं आलं.

खाणी अजून चालू आहेत. सहकारी पद्धतीने, हाताने, उरलंसुरलं कथिल, जस्त, चांदी खरवडत. आत बोगद्यात 'तिओ' म्हणजे काकाची मूर्ती असते, शिंगवाला, लालसर, त्याच्यापुढे सिगरेट पेटवून ठेवतात, कोकाची पानं आणि दारू वाहतात. बाहेर येशू आणि आत तिओ, जमिनीच्या पोटातला मालक वेगळा अशी साधी समजूत. कोकणात राखणदार असतो तसाच काहीसा, फक्त हा जास्त तापट.

आणि ही चांदी गेली कुठे? स्पेनमधून युरोप, तिथून व्यापाऱ्यांच्या जहाजांतून मसाले आणि कापडाच्या बदल्यात पूर्वेकडे. स्पॅनिश रियाल सुरतेला उतरायचे आणि टांकसाळीत वितळून मुघलांचे रुपये पडायचे. महाराजांनी 1664 मध्ये सुरत लुटली तेव्हा त्या चांदीत थोडी पोतोसीची नसेलच असं छातीठोकपणे कोणी सांगू नये.

प्रश्न : तिथे सतत सरकारं का पडतात? माजी राष्ट्राध्यक्ष एवो मोरालेस चांगला होता की वाईट ते एका वाक्यात सांगा. (कोल्हापूर)

एका वाक्यात नाही जमणार दादा, आणि जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

चांदी झाली, मग कथिल आलं. विसाव्या शतकात पातिन्यो, होक्षिल्ड आणि आरामायो ही तीन घराणी देशाची खरी मालक होती, पातिन्यो तर जगातल्या सगळ्यात श्रीमंतांमध्ये गणला जायचा. दरम्यान 1903 मध्ये रबराचा आक्रे प्रांत ब्राझीलला गेला, 1932 ते 35 मध्ये चाकोच्या युद्धात पॅराग्वेकडून मार खाल्ला (घ्या, पॅराग्वे आला एकदाचा), तिथे तेल आहे या समजुतीपायी दोन गरीब देशांची हजारो पोरं गोळीपेक्षा तहानेने आणि रोगाने जास्त मेली. परत आलेले सैनिक विचारायला लागले की आम्ही कोणासाठी लढलो. 1946 मध्ये तर चिडलेल्या जमावाने राष्ट्राध्यक्ष व्हियारोएलला मारून राजवाड्यासमोरच्या दिव्याच्या खांबाला लटकवलं.

1952 ची क्रांती त्यातूनच झाली. तोवर लिहिता-वाचता न येणाऱ्याला मत नव्हतं, म्हणजे बहुसंख्य आदिवासी शेतकऱ्यांना नव्हतंच. राष्ट्राध्यक्ष पाझ एस्तेनसोरोच्या सरकारने सगळ्यांना मत दिलं, तिन्ही घराण्यांच्या खाणी सरकारी केल्या, आणि 1953 मध्ये जमीनदारी मोडून जमीन वाटली. माझ्या मते 1952 हे त्या देशातलं सगळ्यात मोठं वर्ष, पण बाहेर लोकांना फक्त चे गेव्हारा 1967 मध्ये तिथे मारला गेला एवढंच माहीत असतं.

1964 पासून 1982 पर्यंत बहुतेक काळ लष्करशाही. लोकशाही आली तेव्हा महागाई अशी भडकली की पगाराच्या नोटा पिशवीतून न्यायच्या आणि संध्याकाळपर्यंत त्याची किंमत अजून खाली. मग 1985 मध्ये त्याच पाझ एस्तेनसोरोने, ज्याने खाणी सरकारी केल्या होत्या त्यानेच, म्हातारपणी परत निवडून येऊन सगळं उलटं फिरवलं, सबसिडी बंद, खाणी बंद, 20 हजारांहून जास्त खाणकामगार घरी. महागाई थांबली हे खरं. पण ते घरी बसलेले कामगार गेले कुठे, तर काही एल आल्तोला आणि काही चापारेच्या जंगलात कोका पिकवायला, आणि जाताना खाणीतली युनियनची शिस्त सोबत घेऊन गेले. तिथल्या कोका शेतकऱ्यांच्या संघटनेतून पुढे आला एवो मोरालेस. कोका म्हणजे कोकेन नव्हे हे तो जीव तोडून सांगायचा, तिथे ते पान आपल्याकडच्या पानतंबाखूसारखं गालात धरतात, थकवा आणि उंचीचा त्रास कमी वाटतो. अर्थात चापारेतलं बरंचसं पीक कोकेनवाल्यांकडे जातं हे त्याचे विरोधकही तितक्याच जोराने सांगतात.

2000 मध्ये कोचाबांबात पाणीपुरवठा खाजगी कंपनीकडे गेला, बिलं अचानक चढली, शहर रस्त्यावर आलं आणि एप्रिलमध्ये करार रद्द झाला. 2003 मध्ये नैसर्गिक वायू परदेशी विकायचं ठरलं, आणि तोही कुठून, तर चिलीच्या बंदरातून! पहिल्या उत्तरातला समुद्र आठवा. एल आल्तोच्या लोकांनी ला पाझचे रस्ते अडवले, गोळीबारात 60 च्या वर माणसं गेली आणि राष्ट्राध्यक्ष सांचेस दे लोसादा अमेरिकेला पळाला. डिसेंबर 2005 मध्ये मोरालेस जवळपास 54 टक्के मतांनी निवडून आला, देशाचा पहिला आदिवासी राष्ट्राध्यक्ष.

पहिली काही वर्षं उत्तम गेली हे त्याचे शत्रूही मान्य करतात. वायूवरचा सरकारचा वाटा वाढवला, भावही तेव्हा चढे होते, गरिबी खरोखर घटली. 2009 च्या नव्या घटनेत 36 आदिवासी भाषा स्पॅनिशच्या बरोबरीने राजभाषा झाल्या आणि तिरंग्याच्या जोडीला चौकटी-चौकटींचा विफाला झेंडा आला. पण खुर्ची सुटेना. 2016 मध्ये चौथ्यांदा उभं राहू का म्हणून सार्वमत घेतलं, लोक निसटत्या बहुमताने नाही म्हणाले, तरी कोर्टाकडून परवानगी मिळवून 2019 ला उभा राहिलाच. मतमोजणी मधेच थांबली, घोटाळ्याचे आरोप झाले, दंगली, पोलीस उलटले, लष्करप्रमुखाने राजीनामा 'सुचवला' आणि 10 नोव्हेंबरला तो खुर्ची सोडून गेला. याला बंड म्हणायचं की जनतेचा उठाव यावरून तिथे घराघरात अबोला आहे. नंतरच्या आन्येस बाईंच्या हंगामी सरकारच्या काळात साकाबा आणि सेनकाताला निदर्शकांवर गोळ्या चालल्या.

2020 मध्ये मोरालेसच्याच पक्षाचा लुइस आर्से निवडून आला, आणि मग गुरू-चेल्याचंच जुंपलं, पक्षाचे दोन तुकडे. तोवर वायूच्या विहिरी आटत आल्या, डॉलर संपले, डिझेलसाठी ट्रकच्या रांगा लागल्या. जून 2024 मध्ये एका सेनापतीने चिलखती गाडीने राजवाड्याचं दार तोडलं, पण तीन-चार तासांत बंड फुस्स. आणि 2025 मध्ये त्या पक्षाची 20 वर्षांची सद्दी संपली, ऑक्टोबरच्या दुसऱ्या फेरीत रोद्रिगो पाझ जिंकला. आडनाव ओळखीचं वाटतंय ना? एका माजी राष्ट्राध्यक्षाचा मुलगा आणि त्या 1952 वाल्या पाझ एस्तेनसोरोच्या नात्यातला. घराणेशाही फक्त आपल्याकडेच आहे असं कोल्हापूरकरांनी मनाला लावून घेऊ नये.

प्रश्न : हे सगळं ठीक, पण आपला त्यांच्याशी संबंध काय? (डोंबिवली, एक गृहिणी)

ताई, एकादशीला साबुदाण्याची खिचडी करता ना? बटाटा मूळचा अँडीजमधला, तितिकाकाच्या आसपासच्या डोंगरातला. शेंगदाणा आला दक्षिण बोलिव्हिया आणि उत्तर अर्जेंटिनाच्या पट्ट्यातून. साबुदाणा ज्या कंदाचा तो कसावा अ‍ॅमेझॉनचा, मिरचीसुद्धा अमेरिकेचीच. सगळं पोर्तुगीज काळापासून इकडे आलं, 'बटाटा' हा शब्दही त्यांचाच. म्हणजे जिरं-तूप सोडलं तर आपला उपवास दक्षिण अमेरिकेच्या भरवशावर चाललाय.

बटाट्याचं वाळवणही ते करतात, त्याला चुन्यो म्हणतात. जून-जुलैच्या कडाक्याच्या थंडीत बटाटे रात्री उघड्यावर गोठवायचे, सकाळी पायाने तुडवून पाणी काढायचं, दिवसा उन्हात वाळवायचे, असं काही दिवस केलं की खड्यासारखे होतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. आपल्या किसासारखे कुरकुरीत मात्र नाहीत, रश्श्यात घालून खातात.

आणि अलीकडे तिकडून भारतात येणारा सगळ्यात महागाचा माल म्हणजे सोनं. ते अ‍ॅमेझॉनच्या नद्यांत पारा वापरून काढतात आणि तो पारा माशांतून नदीकाठच्या आदिवासींच्या पोटात जातो. पुढच्या लग्नसराईत याची आठवण झाली तर माझ्यावर रागावू नका.

प्रश्न : जगातलं सगळ्यात जास्त लिथियम तिथे आहे म्हणतात, मग ते श्रीमंत का नाहीत? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, संभाजीनगर)

आहे, उयुनीच्या मिठागरात, 10,000 चौरस किलोमीटरचं पांढरंशुभ्र मैदान. पण जमिनीत असणं आणि बॅटरीत जाणं यात फार अंतर असतं मित्रा. तिथल्या खारट पाण्यात मॅग्नेशियम जास्त, ते वेगळं काढणं कटकटीचं. चिलीच्या अटाकामात पाऊसच नाही त्यामुळे पाणी भराभर वाळतं, उयुनीत पावसाळ्यात सगळं मिठागर पाण्याने भरतं (फोटोत आरसा दिसतो तो तोच). न्यायला बंदर नाही. आणि सगळ्यात मोठी अडचण, लोकांना पोतोसी आठवतं. हे मिठागर पोतोसी प्रांतातच येतं. 2019 मध्ये जर्मन कंपनीबरोबरचा करार तिथल्या लोकांनी आंदोलन करून रद्द करायला लावला, नंतर रशियन आणि चिनी कंपन्यांचे करार झाले तर ते संसदेत लटकले. तुझ्यासारख्याला हा अडाणीपणा वाटेल, मला नाही वाटत. 500 वर्षं ज्यांच्या डोंगरातून माल गेला आणि मागे नुसते बोगदे राहिले त्यांनी सही करण्याआधी दहादा विचारलं तर बिघडलं कुठे. फक्त विचार करता करता लिथियम न लागणाऱ्या सोडियमच्या बॅटऱ्यांनी बाजार काबीज केला तर मात्र पंचाईत आहे.

प्रश्न : ला पाझच्या संसदेवरचं घड्याळ उलटं चालतं हे खरं का?

खरं. 2014 पासून आकडे उलट्या क्रमाने आणि काटे डावीकडे फिरणारे. दक्षिण गोलार्धात सावलीच्या घड्याळाची सावली तशीच फिरते, मग आम्ही उत्तरेचं घड्याळ का वापरायचं, असं तेव्हाचे परराष्ट्रमंत्री म्हणाले. वेळ मात्र बरोबर दाखवतं.